खबऱ्या, खबरी, बातमीदार : हे शब्द आले कुठून आणि त्यांचा नेमका अर्थ कसा लावायचा

सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही पेपरचं गुन्हेगारीचं पान उघडा, जुगाराच्या अड्ड्यावर छापा असो नाहीतर गांजाची गाडी पकडलेली असो, एक वाक्य ठरलेलं असतंच, 'पोलिसांना गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली.' पेपर चहाच्या टपरीवर पडला की पहिला प्रश्न हाच, कोण रे हा बातमीदार? आणि मग नावं घ्यायला सुरुवात होते, कुणाचं तरी पोलीस ठाण्यात जाणं-येणं आठवतं, कुणाचा तरी मेहुणा पोलिसात असतो, आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या बिचाऱ्यावर 'खबऱ्या' असा शिक्का बसलेला असतो.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय, त्यामुळं नवीन वार्ताहर पोरं, स्पर्धा परीक्षेची पोरं, कधी एखादे मराठीचे सर, सगळे हा प्रश्न विचारतात की खबरी म्हणजे नेमकं काय, हा शब्द हिंदी का मराठी, मुखबिर वेगळा का, माफीचा साक्षीदार म्हणजे खबरीच का. म्हटलं एकदा नीट बसून सगळं सविस्तर लिहावं. शब्दाचा अर्थ कसा काढायचा, उगम कसा शोधायचा, एफआयआरमधली भाषा कशी वाचायची आणि कुणालाही उगाच खबऱ्या कसं म्हणायचं नाही, हे एकेक करून बघू. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण या शब्दामुळं गावात माणसं वाळीत पडलेली आणि मार खाल्लेली मी बघितलीत.

पायरी १ : शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते आधी बघा

कोश उघडायच्या आधी हे करा. पोलिसांच्या गुप्त सोर्ससाठी आपल्याकडं एकच शब्द नाही, तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. कागदावर, म्हणजे फिर्याद, पंचनामा, प्रेसनोट यात 'गुप्त बातमीदार' किंवा 'गोपनीय बातमीदार' येतो. पोलीस आपापसात बोलताना 'सोर्स', 'आपला माणूस', 'टीप आलीय' असं बोलतात. पेपरच्या हेडिंगमध्ये जागा कमी म्हणून 'खबऱ्या' येतो. आणि मुंबईकडच्या बोलण्यात, हिंदी सिनेमात, वेब सिरीजमध्ये 'खबरी'. आपल्याकडं खेड्यात मात्र माझ्या कानावर 'खबऱ्या'च जास्त येतो, आणि तो बहुतेक वेळा चिडून उच्चारलेला असतो.

म्हणून पहिलं काम एवढंच, की शब्द जिथं सापडला ते पूर्ण वाक्य उतरवून घ्या. सुटा शब्द घेऊन अर्थ विचारला की उत्तर चुकतं. 'खबऱ्याने टीप दिली' आणि 'ए खबऱ्या, इकडं ये' यात शब्द तोच आहे पण पहिल्यात काम सांगितलंय आणि दुसऱ्यात शिवी आहे.

पायरी २ : शब्द फोडा

'खबर' हा मूळ अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडं आला. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात, इथं ती ख-ब-र. त्या सांगाड्यात स्वर बदलले, पुढंमागं अक्षरं लावली की नवीन शब्द. खबर म्हणजे बातमी, तिचं अनेकवचन अखबार, ज्याचा अर्थ हिंदीत वर्तमानपत्र झाला. खबर देणारा तो मुखबिर, हा हिंदी-उर्दूतला पोलिसांच्या सोर्ससाठीचा नेहमीचा शब्द. इजिप्त, जॉर्डन या देशांत गुप्तचर खात्याला 'मुखाबरात' म्हणतात, तोही याच घराण्यातला. म्हणजे कैरोतलं गुप्तचर खातं आणि विट्याच्या स्टँडवरचा खबऱ्या, दोघांच्या नावात ख-ब-र तेच.

आपल्याकडं पूर्वी राजदरबारात, छावणीत घडलेलं लिहून कळवणारे 'अखबारनवीस' असायचे, नवीस म्हणजे लिहिणारा, फडणवीस-चिटणीसवाला. तेव्हा 'खबर' हा शब्द राज्यकारभाराच्या मराठीत जुनाच आहे, सिनेमानं आणलेला नाही. 'खबरदार'सुद्धा तसाच बनलाय, खबर अधिक दार, म्हणजे ज्याला खबर आहे तो, जो जागा आहे तो. त्यातून 'सावध राहा' आणि मग दमदाटीचं 'खबरदार, पुढं आलास तर' असं झालं. 'बेखबर', 'खबरबात' हे शब्द तर आजही रोजच्या बोलण्यात आहेत. 'खबर घेणे' म्हणजे झाडणे, तो अजून वेगळाच मामला.

आता मूळ शब्दाला मागं काय लागलंय ते बघा. 'खबरी' मध्ये ई आहे आणि 'खबऱ्या' मध्ये या आहे. हा 'या' अस्सल मराठी, नाटक्या, रड्या, भटक्या यातला. त्यात जवळीक असते किंवा तुच्छता असते, आदर मात्र कधीच नसतो. म्हणून 'खबऱ्या' ऐकायला झोंबतो आणि 'खबरी' त्यामानानं सौम्य वाटतो.

इथं व्याकरणाची एक गंमत आहे जी फार कमी जणांच्या लक्षात येते. मराठीत माळी-माळ्याने, तेली-तेल्याला, धोबी-धोब्याचा असं रूप होतं. त्याच नियमानं 'खबरी'चं सामान्यरूपही 'खबऱ्या'च होतं, म्हणजे खबऱ्याने, खबऱ्याला, खबऱ्यांकडून. मग हेडिंगमध्ये 'खबऱ्याने दिली टीप' असं दिसलं तर मूळ शब्द खबरी का खबऱ्या, हे त्या एका वाक्यावरून सांगताच येत नाही. दोन्ही रूपं एकमेकांत इतकी मिसळलीत त्याचं हे एक कारण असावं असं माझं मत आहे.

पायरी ३ : कोशात शोधा, पण टायपिंगकडं लक्ष द्या

कोश चार धरा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७, तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांमध्ये फुकट शोधता येतो. दुसरा दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंडाखंडानं निघालेला, यात अर्थाबरोबर जुन्या वाङ्मयातले वापरही दिलेले असतात. तिसरा माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश, १९२५ चा, खबर-जासूद-फितूर असल्या शब्दांना हाच आधी बघायचा. चौथा कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, १९४६ चा. छापील कोश सांगली आणि सातारा दोन्हीकडच्या नगर वाचनालयांत विचारून बघा, ग्रंथपालांना 'संदर्भ विभागातला कोश बसून बघायचाय' असं सांगितलं की सोपं जातं. आणि आपल्या जिल्ह्याचं भाग्य म्हणजे मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. तो आता ऑनलाइन आहे, शब्दाची व्युत्पत्ती त्यात मिळेलच असं नाही पण विषयाची पार्श्वभूमी चांगली मिळते.

शोधताना क्रम असा ठेवा, आधी 'खबर', मग त्याच्या वरखालचे सगळे शब्द, मग 'बातमी', 'बातमीदार', 'हेर', 'जासूद', 'फितूर', 'चहाड'. एकच शब्द बघून कोश मिटू नका, शेजारच्या नोंदी वाचल्याशिवाय घराणं कळत नाही.

आता टायपिंग. 'खबऱ्या' मोबाइलवर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ घेऊन हलन्त आणि य असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द आहेत. त्यामुळं एकानं सर्च केलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या बातम्या निसटू शकतात, आणि पोरं म्हणतात की शब्द कुठंच सापडत नाही. शिवाय बरेच जण घाईत रफार देऊन 'खबर्या' लिहितात, ते चुकीचं आहे पण ऑनलाइन भरपूर आहे. तेव्हा शोधताना तिन्ही रूपं टाका आणि वर 'खबरी', 'खबऱ्यांनी', 'खबऱ्याकडून' हेही टाका.

पायरी ४ : शेजारचे शब्द वेगळे काढा

खरी गफलत इथं होते, म्हणून जरा वेळ घेऊ.

'बातमीदार' पासून सुरू करू. 'बातमी' हा 'बात'च्या घरातला, म्हणजे संस्कृत 'वार्ता'कडून आलेला, आणि 'दार' फारसी, जमीनदार-दुकानदारातला. बातमी बाळगणारा, बातमी आणणारा तो बातमीदार. पोलिसांच्या कागदात हा शब्द सोर्ससाठी वापरतात आणि पेपरवाल्यांच्या जगात हाच शब्द रिपोर्टरसाठी. शब्द एक आणि कामं दोन, त्यातली एक उघड आणि एक लपवलेलं. तासगाव बाजूच्या एका गावात यावरून काय झालं ते सांगतो. जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला, प्रेसनोट होती तशी छापली गेली. गावात झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक गडी पेपरला बातम्या पण पाठवायचा, सगळं गाव त्याला 'बातमीदार' म्हणूनच ओळखायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारजण दुकानात आले, पेपरची घडी काउंटरवर ठेवली आणि 'बातमीदारामार्फत' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे कोण? तूच की." त्यानं समजावून सांगितलं, हात जोडले, मशीनवर त्याच दिवशी काढलेल्या झेरॉक्स दाखवल्या, पण वर्षभर त्याच्या दुकानाकडं त्या आळीतलं कोण फिरकलं नाही. छाप्याशी त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. म्हणून मी स्वतः बातमी लिहिताना आता 'पोलिसांना माहिती मिळाली' एवढंच लिहितो, 'बातमीदार' शब्द काढून टाकतो. नवीन वार्ताहरांना कळकळीनं सांगतो, तुम्हीपण काढा, बातमीत त्यानं काही कमी होत नाही.

'हेर' वेगळा. हेरणे म्हणजे बारीक नजरेनं टिपणे, त्यावरून हेर. हा राज्याचा, सैन्याचा, पगारी किंवा नेमलेला माणूस. खबऱ्या नेमलेला नसतो, त्याला हजेरीपट नसतो, तो त्याच वस्तीत, त्याच धंद्याच्या आजूबाजूला राहणारा असतो आणि एखाद्या पोलिसावर त्याचा विश्वास असतो. पैसे कधी मिळतात, कधी नाही. काहीजण पैशासाठी देतात, काहीजण जुन्या भांडणापायी, काहीजण आपल्या पोरावर आलेलं संकट टाळायला, आणि काहीजण खरोखर आपल्या आळीतली दारू नाहीतर गोळ्या बंद व्हाव्यात म्हणून. हे शेवटचे लोक लय महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्यावरच या शब्दाचा सगळ्यात जास्त अन्याय होतो.

'जासूद' आता बोलण्यातून गेलाय. अरबी 'जासूस' वरून आला, पण मराठी कागदपत्रांत त्याचं काम मुख्यतः पत्रं घेऊन धावण्याचं झालं. रस्त्यात एकाचं काही झालं तर दुसरा पोचावा म्हणून दोघांना पाठवायचे, म्हणून जुन्या पत्रांत 'जासूदजोडी' दिसते. तिथं लगेच 'गुप्तहेरांची जोडी' असा अर्थ लावू नका, आधी वाक्य वाचा.

'फितूर' हाही अरबी-फारसीतून आलेला, पण त्यात आतल्या माणसानं बाजू बदलणं आहे. आज कोर्टाच्या बातमीत 'साक्षीदार फितूर झाला' म्हणजे पोलिसांना आधी जे सांगितलं त्यावरून तो फिरला. म्हणजे पोलिसांना माहिती देणारा तो खबऱ्या, आणि पोलिसांच्या बाजूनं उभा राहून उलटला तो फितूर. दिशा अगदी उलटी आहे आणि तरी लोक दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात.

'माफीचा साक्षीदार' म्हणजे गुन्ह्यात स्वतः सामील असलेला आरोपी, ज्याला सगळं खरं सांगण्याच्या अटीवर कोर्ट माफी देतं. तो कोर्टात उभा राहतो, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तो खबऱ्या नाही.

'पंच' तर बिलकुल नाही. पंच हा पंचनाम्याला हजर असणारा साक्षीदार, सही करणारा. छाप्याच्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना बोलावून पंच केलं जातं आणि गावात बोंब होते की यांनीच खबर दिली. लोक पंच व्हायला घाबरतात त्याचं एक कारण हे आहे.

'पंटर' किंवा 'बनावट गिऱ्हाईक' म्हणजे मटका, दारू असल्या कारवाईत खुणेच्या नोटा देऊन आत पाठवलेला माणूस. 'झिरो पोलीस' म्हणजे पोलीस नसून पोलिसांबरोबर फिरणारा, त्यांची कामं करणारा खाजगी माणूस, त्याला कायद्यात काहीच जागा नाही. 'पोलीस पाटील' उघडपणे नेमलेले असतात, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खाली, गावातली माहिती पोलिसांना देणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्यच आहे, तेव्हा त्यांना खबऱ्या म्हणणं म्हणजे तलाठ्याला सातबारा लिहिला म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे.

चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या हे घरगुती शब्द, पोलिसांशी त्यांचा संबंध नाही, पुढं जाऊ.

पायरी ५ : एफआयआरमधलं वाक्य वाचायला शिका

सरकारी मराठीत एफआयआरला 'प्रथम खबर' म्हणतात, फॉर्मवरच छापलेलं असतं. इथंही तोच खबर शब्द. पण प्रथम खबर देणारा माणूस उघड असतो, त्याचं नाव, पत्ता, सही कागदावर असते, त्याला फिर्यादी किंवा तक्रारदार म्हणतात. अपघाती मृत्यू झाला तर नातेवाईक 'खबर' देतात, दवाखान्यातून 'वर्दी' येते. हे सगळे खबर देणारे आहेत आणि यातला एकही खबऱ्या नाही. फरक नावाच्या उघड-झाकेत आहे. नाव कागदावर असेल तर तो फिर्यादी, वर्दी देणारा, साक्षीदार. नाव फक्त पोलिसाच्या डोक्यात असेल तर तो खबऱ्या.

छाप्याच्या फिर्यादीतली भाषा साधारण अशी असते, नमुना म्हणून मी बनवून लिहितोय:

'आज रोजी मी पोलीस ठाण्यात हजर असताना मा. पोलीस निरीक्षक सो यांनी बोलावून कळविले की, त्यांना त्यांचे गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली आहे की, अमुक ठिकाणी झाडाचे आडोशास एक इसम विनापरवाना देशी दारूची विक्री करीत आहे. सदर बातमीची नोंद स्टेशन डायरीस घेऊन दोन पंचांसह छापा टाकला असता सदर इसम मिळून आला.'

आता एकेक तुकडा घ्या. 'सो' म्हणजे साहेबो, साहेब, आपल्या भागातल्या पोलिसी कागदात हमखास. 'त्यांचे गुप्त बातमीदार' यातला 'त्यांचे' महत्त्वाचा, कारण खबऱ्या ठाण्याचा नसतो, एका अधिकाऱ्याचा असतो. साहेबांची बदली झाली की त्यांचे सोर्सही बऱ्याचदा त्यांच्याबरोबरच जातात, नवीन साहेबांना माणसं नव्यानं जोडावी लागतात. 'खात्रीशीर बातमी' म्हणजे बातमी शंभर टक्के खरी असं नव्हे, कारवाई करण्याइतकी ती भरवशाची वाटली एवढंच. 'स्टेशन डायरीस नोंद' यात बातमी लिहिली जाते, देणाऱ्याचं नाव लिहिलं जात नाही. 'मिळून आला' म्हणजे सापडला.

अमली पदार्थांच्या केसमध्ये अजून एक गोष्ट दिसेल. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मिळालेली माहिती लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवावी लागते. ते पाळलं नाही तर बचावपक्षाचे वकील बरोबर तिथंच बोट ठेवतात. तरीही त्या लेखी माहितीतसुद्धा सोर्सचं नाव असावं असं बंधन नाही.

मग कोर्टात वकिलानं विचारलं की तुमचा बातमीदार कोण, तर? गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३१ आहे. आणि माहिती अधिकारात अर्ज टाकून नाव काढू म्हणाल तर तेही होत नाही, २००५ च्या कायद्याचं कलम ८(१)(छ) गोपनीयतेनं माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल असली माहिती नाकारायची मुभा देतं. म्हणजे टपरीवर बसून 'कोण रे तो' शोधणाऱ्यांना कायद्यानं दार लावून घेतलेलं आहे, आणि ते योग्यच आहे असं मला ठामपणे वाटतं.

पायरी ६ : इतिहासाशी जोडताना बाजू कुठली ते बघा

शब्दाच्या उगमाबद्दल बोलताना लोक लगेच थेट बहिर्जी नाईकांपर्यंत जातात. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर, म्हणजे भूपाळगडावर, बहिर्जींची समाधी दाखवतात, तिथं जाऊन यावं, जागा बघण्यासारखी आहे. पण बहिर्जी शिवाजी महाराजांचे हेर होते, त्यांना खबरी म्हणणं चूक आहे, कारण ते स्वराज्याच्या हेरखात्याचे प्रमुख होते, नेमलेले होते. त्याच्याही मागं गेलात तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'गूढपुरुष' आहेत, एका जागी बसून राहणारे आणि फिरते असे दोन वर्ग, त्यात विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस अशी सोंगं आणि भिक्षुकी बायकासुद्धा. काम जुनं आहे म्हणून शब्दही तितकाच जुना असं धरू नका, या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या.

आणि बाजू. १८५७ साली साताऱ्यात रंगो बापूजींचा इंग्रजांविरुद्धचा कट फुटला आणि १७ जणांना गेंडामाळावर मारलं गेलं. कट फोडणाऱ्याला इंग्रजांच्या दृष्टीनं माहिती देणारा म्हणायचं, आपण फितूर म्हणतो. पुढं १९४३ ते १९४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार, तेव्हा आजचा सांगली जिल्हा सातारा जिल्ह्यातच होता, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली हे नाव पडलं १९६० ला. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र या पट्ट्यात भूमिगतांना गावातल्या बायाबापड्या, गुराखी पोरं पोलिसांची हालचाल कळवायची. त्यांना कोण खबऱ्या म्हणत नाही, म्हणूही नये. उलट पोलिसांना भूमिगतांचा ठावठिकाणा सांगणारा मात्र गावाच्या लेखी गद्दार. दोघंही एकच काम करत होते, गुपचूप बघायचं आणि कळवायचं. शब्द ठरतो तो माहिती कुणाकडं गेली आणि त्यानं कुणाचं नुकसान झालं यावरून. कोशात हे मिळत नाही, म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांना विचारून त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

त्याच काळातलं एक सावधपण. 'प्रति'चं लोकांच्या तोंडी 'पत्री' झालं आणि मग खबऱ्यांच्या पायाला बैलासारख्या पत्र्या ठोकायचे म्हणून पत्री सरकार, अशी गोष्ट सगळीकडं सांगतात. तळपायावर काठ्या मारायची शिक्षा असायची, त्यातून ती कथा वाढली असावी. शब्दाला साजेशी, ऐकायला जबरदस्त गोष्ट मिळाली की ती उगम म्हणून चिकटते, तिथं थांबायचं आणि शब्दाचा उच्चार खरंच तसा बदलू शकतो का हे बघायचं. 'खबर' उलटून 'बखर' झाला असंही एक मत प्रसिद्ध आहे, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, परीक्षेत लिहिताना 'असे एक मत आहे' असंच लिहा.

पायरी ७ : स्वतः लिहिताना आणि स्वतः माहिती देताना

लिहिताना सोपं ठेवा. माणूस नेमलेला आणि राज्याचा असेल तर हेर किंवा गुप्तहेर. पोलिसांचा लपलेला सोर्स असेल तर बातमीत 'पोलिसांना मिळालेल्या माहितीनुसार', कथेत किंवा संवादात खबरी-खबऱ्या. हिंदीतून भाषांतर करताना 'मुखबिर' तसाच ठेवू नका, मराठी वाचकाला तो परका आहे. सोर्सचं गाव, वय, धंदा, छाप्याच्या जागेपासूनचं अंतर, असलं काहीही लिहू नका, नाव न देता सुद्धा खेड्यात माणूस ओळखू येतो. 'शेजारच्या दुकानदाराने कळवले' एवढं एक वाक्यसुद्धा माणूस उघडा पाडायला पुरतं.

आणि तुम्हाला स्वतःला काही कळवायचं असेल, आळीत पोरांना गोळ्या विकतायत, कुठं गर्भलिंग तपासणीचा धंदा चाललाय, तर त्यासाठी खबऱ्या व्हायची गरज नाही. तातडीचं असेल तर ११२ ला फोन करा. अमली पदार्थांसाठी केंद्राची १९३३ ही हेल्पलाइन आहे. सरकारी कामात लाच मागत असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. बोलताना काय बघितलं, कुठं, किती वाजता, गाडीचा नंबर, एवढंच सांगा. ऐकीव असेल तर 'मी ऐकलंय' म्हणून सांगा, डोळ्यांनी बघितलेलं वेगळं सांगा. नाव गुप्त ठेवायचं असेल तर सुरुवातीलाच तसं स्पष्ट बोला. भाऊबंदकीचा राग काढायला खोटी माहिती देऊ नका, तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २१७. माहिती दिल्यावर घरी, मित्रांत, व्हॉट्सअप ग्रुपवर कुठंही त्याचा उल्लेख करू नका, कॉल केलेल्याचा स्क्रीनशॉट ठेवू नका, छापा पडल्यावर गर्दीत बघायला तर अजिबात जाऊ नका. आणि टपरीवर कुणी 'कोण रे तो' म्हणून नावं घ्यायला लागला, तर तिथं कुणाचंच नाव घेऊ नका, अंदाजानं सुद्धा नको, आणि दुसऱ्यानं घेतलं तर तिथल्या तिथं थांबवा.